सत्ताविसाव्या आठवड्याची निरवानिरव

मी, ॲव्हरिल ऑर्मरॉड, वय अठ्ठ्याहत्तर, कै. व्हर्नन ऑर्मरॉड यांची पत्नी, धंदा पूर्वी गिरणीत विणकाम व नंतर घरी पडदे शिवणे, राहणार १४ टेंटर स्ट्रीट, थॉर्नक्लफ, लँकेशर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. त्यासाठी मला कोणी भरीस घातलेले नाही. खरे सांगायचे तर या आठवड्यात दोन्ही मुलांनी फोनवरून मला भरीस घातले. पण दोघांची म्हणणी अगदी उलटसुलट असल्यामुळे मी मोकळीच राहिले असे समजावे. माझी यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द आहेत. विशेषतः २०१२ सालचे, कारण ते मी रागात लिहिले होते.

हे मी तेनेरिफ बेटावर, 'त्रेस काक्तुस' नावाच्या सुट्टी-वसाहतीत, ४११ नंबरच्या घराच्या बाल्कनीत बसून लिहीत आहे. त्रेस काक्तुस म्हणजे तीन निवडुंग. आहेत दोन. तिसरा कुठे गेला, हे मी सदतीस वर्षे विचारत आले आहे.

घाईचे कारण असे. या वसाहतीतला एक आठवडा माझ्या मालकीचा आहे. घर नव्हे, घरातला आठवडा: दरवर्षी हेच घर आणि हाच आठवडा, वर्षातला सत्ताविसावा, म्हणजे जुलैचा पहिला. करारात तो 'कायमचा' आहे. माझा, माझ्या मुलांचा, त्यांच्या मुलांचा, यावच्चंद्रदिवाकरौ. आणि त्यासोबतची देखभालीची वर्गणीही तितकीच कायमची. गेल्या शनिवारी आल्या आल्या कचेरीतल्या मुलीने माझ्या हातात एक निळा कागद ठेवला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सभासदांनी एक तर वारसाचे नाव लिहून द्यावे, नाहीतर आठवडा विनामोबदला परत करावा. मुदत शुक्रवार, दुपारी बारा. म्हणजे आजच. हा आठवडा आमच्या घराला मानवेल की नाही हे १९८८ साली आम्ही एका दुपारात ठरवून टाकले होते. तेच पुन्हा ठरवायला मला सहा दिवस लागले.

१. माझ्या पश्चात सर्व व्यवस्था माझी मुलगी जनीन आणि मुलगा क्रेग यांनी मिळून पाहावी. मिळून म्हणजे एका टेबलाशी बसून. एकमेकांना निरोप पाठवून नव्हे.

२. टेंटर स्ट्रीटचे घर दोघांना निम्मे-निम्मे. विकायचे तर खुशाल विका, मला वाईट वाटणार नाही. फक्त स्वयंपाकघराची खिडकी आधी वर उचलून मग डावीकडे रेटावी लागते, हे घेणाऱ्याला आधी सांगा. पैसे दिल्यावर कळणाऱ्या गोष्टींचा या घराला पुरेसा अनुभव आहे.

३. माझे शिवणयंत्र क्रेगला. हसू नका. तो तेरा वर्षांचा असताना मला फ्लू झाला होता आणि चर्चच्या सभागृहाच्या पडद्यांना अस्तर त्याने लावले. तीस वर्षे ते पडदे टिकले आणि ही गोष्ट आजवर मी कोणाला सांगितली नाही, कारण त्याने तशी शपथ घातली होती. आता तो बॉयलर दुरुस्त करतो आणि पंचेचाळिशी ओलांडलेला आहे, तेव्हा सांगायला हरकत नसावी. कापडाची मोठी कात्री मात्र जनीनला. क्रेगने १९९४ साली त्या कात्रीने भिंतीला लावायचा कागद कापला होता. "आई, कात्री ती कात्री," असे तो वर म्हणाला होता. तेव्हा नाही, म्हणजे नाही.

४. माझी नणंद मरीअल हिला प्रवासातली छोटी विजेची किटली. १९९६ साली तिने ती चार दिवसांसाठी नेली. आता ती तिचीच झाली, तिने सुखाने चहा प्यावा. आठवडा घेतल्याचे कळल्यावर मरीअल म्हणाली होती, "व्हर्नन, लोक कपाट घेतात तेव्हा ते निदान वर्षभर घरात तरी असतं." मी तिच्याशी दोन वर्षे बोलले नाही. ती बरोबर बोलली होती म्हणूनच बोलले नाही.

५. आता सत्ताविसावा.

हे वाचणाऱ्या वकीलबाई तरुण असतील तर त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या प्रत्येक गिरणीगावाचा एक आठवडा ठरलेला असे. बॉयलर साफ करायला गिरण्या बंद, त्यांच्यासोबत खाटीक बंद, पाववाला बंद, न्हावी बंद, आणि शाळासुद्धा बंद. याला आम्ही 'वेक्स' म्हणतो. शेजारच्या गावाचा वेक्स वेगळा, आमचा जुलैचा पहिला आठवडा. शनिवारी सकाळी सगळे थॉर्नक्लफ आगगाडीत चढून ब्लॅकपूलला उतरे, आणि तिथल्या वाळूत तेच शेजारी तीच भांडणे पुढे चालू ठेवत.

व्हर्नन गिरणीत जॉबर होता. माग अडला की विणकरणी त्याला हाक मारत. मी गरजेपेक्षा जास्त वेळा मारत असे, आमचे लग्न त्यातूनच झाले. १९८७ साली गिरणीने त्याच्या हातावर काही रक्कम ठेवली आणि दार कायमचे लावून घेतले. पुढच्या वर्षीच्या वेक्सला आम्ही ब्लॅकपूल सोडून पहिल्यांदाच इथे आलो. जनीन तेरा वर्षांची, क्रेग नऊ. दुसऱ्याच दिवशी रस्त्यात एका बाईने आम्हाला कार्ड खरवडायला दिले आणि बक्षीस लागले. बक्षीस घ्यायला जायचे तर नव्वद मिनिटे माहिती ऐकायची होती. ती नव्वद मिनिटे चार तास चालली. बक्षीस म्हणून मिळालेली वाईनची बाटली आंबट होती.

माहिती देणारीचे नाव तारा. पांढरी विजार, दात त्याहून पांढरे. तिने टेबलावर वर्षाचे बावन्न चौकोन मांडले.

"तुमचं सगळं कुटुंब एकत्र मोकळं असतं असा आठवडा कोणता, व्हर्नन?"

व्हर्ननला हसू आले. "कुटुंबाचं काय घेऊन बसलीस पोरी? आमचं अख्खं गाव मोकळं असतं."

"दरवर्षी?"

"दोनशे वर्षं झाली."

"मग प्रश्नच मिटला," म्हणत तिने सत्ताविसाव्या चौकोनाभोवती लाल गोल काढला.

मी टेबलाखालून त्याला पाय मारला. "व्हर्नन, उद्या सांगू या. रात्रभर विचार करू."

"उद्या ही किंमत राहणार नाही हं," तारा म्हणाली.

व्हर्नन माझ्याकडे वळला. "ॲव्हरिल, गिरणी बंद झाली. हे तरी बंद होणार नाही ना?" त्याचा चेहरा पाहून मी पाय मागे घेतला, आणि त्याने सही केली.

विचारायला हवे होते ते प्रश्न मला आज तोंडपाठ आहेत. पोरे वीस वर्षांची झाली की आई-बापांबरोबर येतील का? दरवर्षी तोच समुद्र बघवेल का? घरात कोणी उन्हाने भाजते का? (क्रेग भाजतो. पहिल्याच दिवशी भाजला होता. समोर दिसत होते.) वर्गणी वाढली तर कोणाला जाब विचारायचा? पण ज्या एका गोष्टीबद्दल आम्हाला कणभरही शंका नव्हती, ती म्हणजे तो आठवडा. आणि नेमके तेच चुकले.

तीन उन्हाळे आम्ही चौघे आलो, आणि ते तिन्ही सुखाचे गेले हे मी मान्य करते. मग १९९२ साली शाळेतून पत्र आले. यापुढे सगळ्या परगण्यात सुट्ट्या एकाच वेळी, म्हणजे जुलैच्या अखेरीपासून. वेक्सला शाळा चालू राहणार. व्हर्नन शर्टाला इस्त्री करून नगरपरिषदेच्या सभेला गेला. "अहो, दोनशे वर्षं गाव या आठवड्यात बंद होतंय," तो म्हणाला. अध्यक्ष म्हणाले, "व्हर्नन, गिरणीच राहिली नाही, तर बंद काय करू? टपाल कचेरी?" सगळी सभा हसली. घरी येऊन त्याने कोट न काढताच जेवण केले. त्या नगरपरिषदेस मी त्रेस काक्तुसचे भिंतीवरचे कॅलेंडर ठेवून जात आहे. त्यात सत्ताविसाव्याला लाल गोल आहे. सभागृहात लावावे.

आठवडा बदलून मागितला. ऑगस्टचे आठवडे वरच्या वर्गातले, आमचा खालच्या, म्हणून जमणार नाही असे कळवले. एकदा अदलाबदलीत वेल्समधले लाकडी घर मिळाले, फेब्रुवारीत. त्याबद्दल मी लिहू इच्छित नाही.

मग आम्ही दोघेच येऊ लागलो. शेजारच्या ४१२ मध्ये लीथचे ईअन आणि मॉइरा गेडिस यांचाही सत्ताविसावाच. त्यांच्या स्कॉटलंडात शाळा जूनमध्येच सुटतात, त्यामुळे त्यांची तिन्ही पोरे दरवर्षी पाण्यात डुंबताना आम्ही या बाल्कनीतून बघायचो. त्या काळात मी मॉइराचा फार दुस्वास केला. तिला ठाऊक आहे. आज ती माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे, वर्षातून सात दिवस.

आणि जनीन? जनीन झाली शाळेत शिक्षिका. रसायनशास्त्र शिकवते. आमच्या घरात या जागेवर खरा जीव कोणाचा असेल तर तिचा, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ज्या एका माणसाला इथे येता येणार नाही, तीही तीच. बापाने विचारले की म्हणायची, "पुढच्या वर्षी बघू हं, बाबा." दोघांनाही माहीत असायचे.

आता २०११ चा जुलै. जनीनला वाटते की हे मला माहीत नाही. तिचे तेव्हाचे मुख्याध्यापक आता हयात नाहीत, म्हणून लिहिते.

व्हर्ननच्या फुफ्फुसांत गिरणीचा कापूस बसला होता. हा त्याचा शेवटचा सत्ताविसावा, हे डॉक्टरांनी न सांगताही कळत होते. मंगळवारी दुपारी दार वाजले. दारात जनीन, हातात एक पिशवी.

"अगं, शाळा?" मी म्हणाले.

"सोडलं त्यांनी," ती म्हणाली आणि सरळ बाल्कनीत बापाशेजारी जाऊन बसली.

चार दिवस ती तिथून हलली नाही. एवढा उकाडा, पण अंगात लांब बाह्यांचा शर्ट, डोक्यावर माझी मोठी टोपी, खुर्ची सावलीच्या कोपऱ्यात. "जरा पाण्यात जाऊन ये गं," मी म्हणायची. "नको आई, इथंच बरं आहे." बाप-लेक दिवसभर डॉमिनो खेळायचे. व्हर्ननला धाप लागायची म्हणून तिने एकटीने बोलायचे. शाळेतल्या गमती, फुटलेल्या नळ्या, पेटलेले टेबल, ती अखंड बोलत होती. तो फसवून खेळायचा आणि ती फसायची. एकदा मी आतून चहा घेऊन आले तर तो म्हणाला, "बघितलंस ॲव्हरिल? शेवटी कामाला आला की नाही आपला आठवडा?" तो ऑक्टोबरात गेला.

त्याच्या आधी, घरी परतल्यावर एका सकाळी, मला खाटकाच्या दुकानात शाळेच्या कारकूनबाई भेटल्या. "जनीनचा घसा कसा आहे हो आता?" त्यांनी विचारले. "आठवडाभर आवाज बसला होता ना बिचारीचा."

मी म्हणाले, "बराच सुधारला." आणि किलोभर सॉसेज घेऊन बाहेर पडले, ते मला नकोच होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात लांब बाह्यांचा उजेड पडला. घसा बसलेली बाई रापून परत कशी जाणार? म्हणून ती चार दिवस सावलीत बसली, आणि सावलीत बसली म्हणून बापाला ती चार दिवस सबंध मिळाली. जी पोरगी लहानपणी सापडलेले नाणेसुद्धा बाईंकडे नेऊन द्यायची, ती खोटे बोलली ते हे एकदाच. जनीन, मी तुला तेव्हाच जवळ घ्यायला हवे होते. धीर झाला नाही. आता घेतले असे समज.

बापाला जाऊन महिना झाल्यावर क्रेग म्हणाला होता, "आई, बाबांची ती चूकच होती. देऊन टाक तो आठवडा." २०१२ चे मृत्युपत्र त्या रागातले. त्यात त्याला शिवणयंत्रही ठेवले नव्हते. क्रेग, तुझे म्हणणे बरोबर होते, वेळ चुकली होती. कात्री मात्र तरीही नाही.

या सोमवारी संध्याकाळी जनीनचा फोन आला. "निळा कागद मिळाला ना? माझं नाव टाक आणि मोकळी हो."

"तू कधी जाणार गं?"

"रिटायर झाल्यावर."

"म्हणजे सतरा वर्षांनी. तोवर वर्गणी भरत बसणार?"

"मग काय झालं? बाबांचं आहे ते. बाहेरच्याला नाही द्यायचं." तिचा आवाज जड झाला होता. या वेळी खरोखरचा.

मंगळवारी क्रेग. "आई, ती रडेल, तू विरघळशील, मला माहितीये. तिच्या गळ्यात बांधू नकोस ते. तिच्यामागून तिच्या पोरीच्या गळ्यात पडेल. आणि माझं नाव तर बिलकुल घालू नकोस. मी उन्हात लाल होतो, आणि त्या शेजारच्या ईअनच्या गोल्फच्या गोष्टी पुन्हा ऐकल्या तर समुद्रात उडी मारीन."

बाल्कन्यांमधली भिंत कमरेएवढी आहे आणि माझा फोन मोठ्याने बोलतो. "ऐकू येतंय रे मला!" ईअन पलीकडून ओरडला.

काल मी मॉइराला सांगितले की परत करते आहे. ती बराच वेळ दोरीवरचे टॉवेल सारखे करत राहिली. "मग पुढच्या जुलैत मी भांडू कोणाशी?" ती म्हणाली. मला कोणी विचारले नाही, पण लिहून ठेवते: मला परत करायचा नाही. व्हर्नन गेल्यापासून दर वर्षी, रोगाच्या साथीची दोन वर्षे सोडून, मी इथे एकटी आले, त्याच्या खुर्चीसमोर माझी खुर्ची ठेवली, आणि मला इथे बरे वाटले. ज्या वस्तूला मी एवढी नावे ठेवली, तीच सोडताना जीव तुटतो आहे. पण जनीनला मी ओळखते. बापाचे म्हणून ती जन्मभर वर्गणी भरील आणि दर जुलैत वर्गाच्या खिडकीतून बाहेर बघेल. प्रेमापोटी व्हर्ननने एकदा सही केली. तिला तशी सही करू देणार नाही.

सबब, सत्ताविसावा आठवडा मी कोणासही ठेवलेला नाही. निळ्या कागदावर 'परत' या शब्दासमोर खूण करून, खाली सही करून, तो आज बाराच्या आत मी स्वतः कचेरीत देणार आहे.

६. बँकेतली शिल्लक दोघांना समान. त्यातून एकदाच, मी गेल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, दोघांनी आपापल्या मंडळींसह एक आठवडा एकत्र राहायला जावे. कुठेही. आठवडा जनीनच्या शाळेने ठरवावा, जागा सावलीची असावी, क्रेगसाठी. पुढच्या वर्षी पुन्हा जावेसे वाटले तर जावे, नाही वाटले तर नाही. कोणी कार्ड खरवडायला दिले तर हात खिशात ठेवावेत.

७. डॉमिनोची पेटी जनीनला. त्यात एक सोंगटी कमी आहे, दुहेरी सहाची. ती व्हर्ननच्या कोटाच्या खिशात सापडली होती. तो फसवून खेळायचा हे मी वर लिहिलेच आहे. मी ती त्याच्याबरोबरच जाऊ दिली.

८. मला टेंटर स्ट्रीटच्या वरच्या स्मशानभूमीत, व्हर्ननशेजारी. गावच्या बँडने एक काहीतरी वाजवावे, पण फार रडके नको. नंतर सर्वांना हॅम आणि लोणच्याचे कांदे. शाळेच्या दिवशी ठेवू नका.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे. साक्षीदारांना मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असा नियम आहे. ईअनचा माझ्या घडीच्या खुर्चीवर वीस वर्षे डोळा होता. साक्षीला उभा राहून तो तिला मुकला आहे, याची नोंद असावी.

ठिकाण: ४११, त्रेस काक्तुस, तेनेरिफ
दिनांक: शुक्रवार, ११ जुलै २०२५, सकाळी साडेदहा

(सही) ॲव्हरिल ऑर्मरॉड

आम्हा दोघांच्या समक्ष तिने सही केली आणि तिच्या समक्ष आम्ही:

(सही) ईअन गेडिस, निवृत्त गोदी कामगार, लीथ
(सही) मॉइरा गेडिस, निवृत्त परिचारिका, लीथ

सहीच्या खाली लिहिलेले कायदा धरत नाही, असे ईअन म्हणतो. म्हणून हे इथे लिहिते.

पावणेबाराला कागद देऊन आले. त्यावर शेवटी एक रकाना होता, 'परत करण्याचे कारण'. कचेरीतली मुलगी म्हणाली, "तो कोरा सोडला तरी चालतं हो." मी कोरा सोडला नाही. लिहिले: मुलीची शाळा असते.